एका कार्डावर एक पुस्तक

"दोन्ही नाही मिळायची साहेब. एका कार्डावर एकच," मगदूम म्हणाले आणि दोन्ही पुस्तकं त्यांनी माझ्यासमोर टेबलावर शेजारी शेजारी ठेवली.

एक पिवळ्या कव्हराचं होतं, दुसरं निळ्या. पिवळं मुलांच्या एकटेपणावर होतं. मूल कुणात मिसळत नाही, कोपऱ्यात बसतं, बोलत नाही, तर काय करावं याच्या सूचना त्यात एकाखाली एक दिल्या होत्या. निळं घराघरांतल्या वागण्याच्या तऱ्हांवर होतं. बापाची सवय मुलात कशी उतरते, आजीचा हेका सुनेच्या हातून नातवंडांपर्यंत कसा पोचतो, असलं काहीतरी. मी ते उघडलं, तर पहिल्याच पानावर होतं : 'तुमच्या घरात राग आला की काय होतं, ते आधी आठवून पाहा.' मी पुस्तक मिटलं.

"शेटेबाईंनी दोन्ही वाचायला सांगितलीत म्हणालात ना?" मगदूमांनी विचारलं.

"हो."

"मग वैनींचं कार्ड आहे की. ते घेऊन या, त्याच्यावर दुसरं न्या. मी बाजूला काढून ठेवतो."

"नको. एक पुरे."

"अहो, दहा मिनिटांत येऊन जाल. घर काय लांब आहे का?"

"एक पुरे म्हटलं ना मगदूम!"

माझा आवाज चढला तसे वर्तमानपत्रं वाचणारे दोघं-तिघं मान वर करून बघायला लागले. मगदूमांनी मुकाट्याने पिवळ्या पुस्तकाची नोंद केली, तारखेचा शिक्का मारला आणि निळं परत कपाटात ठेवलं. तासगावातल्या आमच्या त्या वाचनालयात मी वीस वर्षं जात होतो. त्यांच्यावर मी त्या दिवशी पहिल्यांदाच खेकसलो.

कुमुदचं, म्हणजे माझ्या बायकोचं, कार्ड घरात कपाटात होतं. ते घ्यायचं तर कुमुदकडे मागायला हवं होतं, आणि आमचा अबोला होता. मार्गशीर्षापासूनचा. आता शिमगा तोंडावर आला होता.

मंजिरी, माझी एकुलती एक मुलगी, तेव्हा पाचवीत होती. तिच्या वर्गशिक्षिका शेटेबाईंनी मला आदल्या दिवशी शाळेत बोलावून घेतलं होतं. निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेला त्यांनी वर्गातल्या सगळ्या मुलींना बसवलं होतं आणि त्यात एकटी मंजू निवडली गेली होती. सहावीपासून पुढं सगळं शिक्षण तिकडे, पन्हाळ्याच्या बाजूला, वसतिगृहात राहून. संमतीपत्र महिनाअखेरीच्या आत पाठवायचं होतं, आई आणि वडील दोघांच्या सह्यांनिशी.

"अभिनंदन," बाई म्हणाल्या, "पण सही करायच्या आधी थोडा विचार करा. पोरगी हुशार आहे, पण एकटी एकटी असते. मधल्या सुट्टीत खिडकीपाशी बसून राहते. आणि एक विचित्र वाटतं मला. ती स्वतःचं असं काही बोलतच नाही."

"म्हणजे?"

"तुला काय वाटतं, असं विचारलं की म्हणते, 'शीतल म्हणते असं.' नाहीतर 'पल्लवी म्हणते तसं.' मी म्हटलं, अगं तुझं काय? तर म्हणाली, 'विचारून सांगते.' कुणाला विचारणार आहे ती, बिडकर?"

मी हसलो. बाई हसल्या नाहीत. त्यांनी एका चिठ्ठीवर दोन पुस्तकांची नावं लिहून दिली आणि सांगितलं, "दोघांनी मिळून वाचा, मग ठरवा. तिला घरी ठेवायचं की पाठवायचं, हा प्रश्न लहान नाही."

लहान नव्हताच. मंजू गेली तर घर ओस पडणार, हे मला कळत होतं. माझा जीव होता तिच्यात. पण तिच्या भल्याचं काय आहे ते कळावं, म्हणून मी दुसऱ्याच दिवशी वाचनालयात गेलो आणि वर सांगितल्याप्रमाणे एकच पुस्तक घेऊन आलो.

आता अबोल्याचं सांगतो. दिगंबर, म्हणजे कुमुदचा भाऊ, त्याच्या नव्या घराची विट्याला वास्तुशांत होती. मी गेलो तर मला दारात कुणी 'या' म्हटलं नाही. आहेराचं उपरणं आधी त्याच्या साडूच्या खांद्यावर पडलं, मग माझ्या. आता वाटतं, काय त्यात एवढं? पण तेव्हा डोक्यात तिडीक गेली आणि मी पानावरून उठलो. कुमुद चार लोकांत म्हणाली, "अगदी आपल्या वडिलांवर गेलात!" झालं. त्या क्षणापासून मी तिच्याशी बोलणं बंद केलं. तीही मग कशाला बोलेल? माहेरच्या दारात तिची शोभा झाली होती.

आमच्या घराण्यात भांडण हा प्रकार नव्हता. शेजारच्या घरात ताट-वाट्या उडायच्या तेव्हा मी अभिमानाने म्हणायचो, बिडकरांच्या घरात आवाज म्हणून चढत नाही. राग आला की आम्ही बोलणं थांबवायचो. माझ्या वडिलांनी आईशी एकदा सात महिने अबोला धरला होता. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा. ते बाहेरच्या सोप्यात बसायचे, आई स्वयंपाकघरात, आणि मी मधे धावत असायचो. 'आईला सांग, पाणी तापव.' 'त्यांना म्हणावं, तापलंय.' मला त्यात आपण फार महत्त्वाचे आहोत असं वाटायचं. खरं सांगायचं तर त्या सात महिन्यांत वडील माझ्याशी जेवढं बोलले तेवढं पुन्हा कधी बोलले नाहीत.

त्याच रीतीनं माझ्या घरात मंजू होती. अबोल्याचे काही नियम असतात. नाव घ्यायचं नाही, नजरेला नजर द्यायची नाही, आणि जे काही सांगायचं ते तिसऱ्याच्या तोंडून. कुमुद हाताच्या अंतरावर भाकरी थापत असली तरी मी म्हणायचो, "मंजू, आईला म्हणावं, मला आज लवकर निघायचंय." मंजू मान वळवायची. "आई, बाबांना लवकर निघायचंय." "त्यांना सांग, डबा भरलाय." "बाबा, डबा भरलाय."

मी मोजणी खात्यात होतो. जमिनी मोजायच्या, हद्दी दाखवायच्या. बांधावरून भांडणारे भाऊ मी शेकड्यांनी बघितलेत. एका बांधावर दोघं उभे राहतात आणि मधे मी. 'साहेब, त्याला सांगा, दगड इथं नव्हता.' मी कचेरीत येऊन त्यांच्या नकला करायचो आणि सगळे पोट धरून हसायचे. घरी येऊन मी मंजूला निरोप सांगायचो. त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं मला कधी वाटलं नाही. एवढा शहाणा माणूस मी.

पिवळं पुस्तक मी मन लावून वाचलं. पेन्सिलने खुणा करायच्या नाहीत म्हणून वहीत टिपणं काढली. मुलाला समवयस्कांची सोबत मिळवून द्या. घरी मुलांना बोलवा. खेळ आणा. मी कॅरम आणला, सोंगट्या आणल्या, आणि एका रविवारी मंजूच्या वर्गातल्या शीतल, पल्लवी आणि आणखी एकीला घरी बोलवून घेतलं. मंजू आदल्या दिवसापासून उल्हासात होती. तिने स्वतः खोली झाडली, चादर बदलली. पुस्तकाला गुण येतोय म्हणून मीही खूश झालो.

पोरी आल्या, खेळ रंगला. थोड्या वेळाने मी आत डोकावलो आणि सवयीने म्हणालो, "मंजू, आईला म्हणावं, मुलींच्या पोह्यांचं बघ."

कुमुद माझ्या मागेच, दारात, पोह्यांच्या बश्यांचं ताट घेऊन उभी होती.

"काका, काकू हितंच हाईत की!" पल्लवी ओरडली.

मी दारातून बाजूला झालो. मंजू उठली. दोन पावलं चालून आईपुढे उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "आई, बाबा म्हणतात, पोहे देतेस का मुलींना?"

"त्यांना सांग, आणलेत," कुमुद म्हणाली.

मंजू वळली. "बाबा, आणलेत."

पोरींना हसू आवरेना. शीतलच्या तोंडातून तर सोंगटीवर पाणीच उडालं. त्यांना वाटलं, हा घरातला काहीतरी खेळ आहे. "काका, अजून एकदा!" त्या म्हणायला लागल्या. मंजूही हसली, पण कान लाल झाले होते तिचे. दुसऱ्या दिवशी शाळेत त्यांनी तो खेळ सुरू केला. 'शीतलला सांग, खोडरबर दे.' 'पल्लवीला म्हणावं, देत नाही जा.' हे मला कितीतरी वर्षांनी समजलं. तेव्हा एवढंच दिसलं, की मंजूने पुन्हा कुणाला घरी बोलावलं नाही आणि कॅरम पलंगाखाली गेला. मी वहीत लिहिलं : घरी सोबत आणूनही मिसळत नाही, बोलत नाही. मोठ्या गटात राहण्याची गरज.

त्याच आठवड्यात मला ते निळं पुस्तक घरात दिसलं. स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यावर. मी थबकलो. कुमुदच्या कार्डावर आणलेलं. मंजूने आणून दिलं असणार, कारण कुमुद वाचनालयात कधी जायची नाही. मगदूमांनीच बहुतेक तिला सुचवलं असेल. एकाच वेळी दोन्ही पुस्तकं घरात होती. मला नुसता हात लांब करायचा होता. पण ते तिच्या बाजूचं पुस्तक होतं. ती बघत असताना मी ते उचललं असतं तर तो माझा माघार घेतल्याचा पुरावा झाला असता. मी पाणी प्यालो आणि बाहेर आलो.

कुमुद ते वाचत होती. दुपारी कधी आलो तर ती खिडकीत बसलेली असायची, पुस्तक मांडीवर, आणि बघत असायची बाहेर. एकदा तिचे डोळे सुजलेले होते. मला वाटलं, आता येतेय वठणीवर. असं वाटलं होतं मला, खोटं कशाला सांगू?

संमतीपत्राची मुदत संपायच्या आदल्या दिवशी मी कचेरीतून आलो, हातपाय धुतले आणि खुर्चीत बसलो. मंजू माझ्यासमोर सतरंजीवर गृहपाठ करत होती. कुमुद पदराला हात पुसत बाहेर आली. चहा घेऊन आली असेल म्हणून मी वर पाहिलं नाही.

"अहो, ऐकता का?" ती म्हणाली.

साडेतीन महिन्यांत पहिल्यांदा. मंजूची पेन्सिल थांबली.

"मी त्या दिवशी चार लोकांत बोलायला नको होतं. पण आता पुरे करूया. मंजूसाठी तरी. आपल्याला वाटतंय ती एकटी आहे, पण मी वाचलं त्यात... आपण दोघं बसून जरा बोलूया का?"

मी सांगतो, माझ्या मनात अगदी आतून आलं होतं, की 'बस' म्हणावं. एक शब्द. मंजू माझ्याकडे बघत होती. तिचं तोंड किंचित उघडं राहिलेलं मला अजून दिसतं. पण कुमुदने 'बोलायला नको होतं' म्हटलं होतं, 'चुकलं' म्हटलं नव्हतं. माझ्या वडिलांनी सात महिन्यांनी अबोला सोडला तो आईने पायावर डोकं ठेवल्यावर. मी ताठच राहिलो.

"मंजू," मी म्हणालो, "आईला सांग, वास्तुशांतीला जे बोलली त्याची आधी नीट माफी माग. मग बघू."

मंजूने पेन्सिल वहीवर ठेवली.

"सांग की."

मंजूने आईकडे पाहिलं. पहिल्यांदाच तिला निरोप सांगता येईना. कुमुद आत निघून गेली. थोड्या वेळाने आत कुकरची शिट्टी झाली.

मंजूने वह्या आवरल्या. दप्तरातून ते संमतीपत्र काढलं आणि माझ्यासमोर धरलं.

"बाबा, हे उद्या द्यायचंय."

खरं म्हणजे माझ्याच्याने सही होत नव्हती. पुस्तकानं पटवलं होतं, वहीत लिहूनही ठेवलं होतं, तरीही. कुमुद नको म्हणेल, याची मला खात्री होती. ती नको म्हणेल, मग मी 'तुझ्या आईमुळे' म्हणून मोकळा होईन आणि पोरगी घरी राहील. असा सगळा सोयीचा हिशेब करून मी म्हणालो, "आईला विचार, तिचं काय म्हणणं आहे."

मंजू आत गेली. दोघींचं हळू बोलणं ऐकू आलं, पण शब्द कळले नाहीत. ती परत आली.

"आई म्हणते, चालेल."

"चालेल म्हणाली?"

"हो. जाऊ दे म्हणाली."

मला धक्का बसला. मग राग आला. तिला काही नाही, मग मीच कशाला जीव जाळू? मी पेन काढलं आणि सही ठोकून दिली. मंजू कागद घेऊन आत गेली आणि दोन मिनिटांत कुमुदची सही घेऊन आली. तिने तो कागद नीट घडी घालून कंपासपेटीखाली ठेवला. मंजू, तुला जायचंय का, असं मी तिला विचारलं नाही. कुमुदनेही विचारलं नसावं. आम्ही दोघंही फक्त एकमेकांना विचारत होतो.

जूनमध्ये आम्ही तिला पोचवायला गेलो. एसटीत तीन जणांच्या बाकावर मंजू मधे. जाताना शेवटचे निरोप झाले. 'आईला विचार, पाण्याची बाटली घेतली का.' 'त्यांना सांग, पिशवीत आहे.' वसतिगृहाच्या दारात कुमुद तिला पोटाशी धरून रडली. मी तोंड फिरवून इमारतीचा आकार बघत राहिलो. मंजू रडली नाही. तिने आमच्या दोघांच्या पाया पडून ट्रंकेची कडी धरली आणि आत गेली. परतीच्या गाडीत बाकावर आमच्या दोघांच्या मधे एक जागा रिकामी होती. कोल्हापूरला एक म्हातारा येऊन तिथे बसला, तेव्हा बरं वाटलं.

घरी पोचलो. संध्याकाळी कुमुदने आमटी-भात केला. वास बाहेरपर्यंत आला. मी खुर्चीत बसून होतो, कारण जेवायला बोलवायला नेहमी मंजू यायची. ती येणार नव्हती, आणि मी आपण होऊन पाटावर जाऊन बसणार नव्हतो. आत कुमुद वाढून बसली असावी. आमटी गार झाली असेल. अर्धा तास गेला, तास गेला. शेवटी ती बाहेर आली आणि दारात उभी राहून ओरडली. आमच्या घरात चढलेला तो पहिला आवाज.

"पोरीला घालवलीत, आता तरी बोला! का भिंतीकडून निरोप पाठवू?"

"मी घालवली?" मीही ओरडलो. "तू 'चालेल' म्हणालीस म्हणून मी सही केली!"

"मी?"

"'आई म्हणते चालेल, जाऊ दे.' हे शब्द आहेत तुझे."

कुमुद खाली बसली, दाराच्या उंबऱ्याशीच.

"मी म्हटलं होतं, त्यांना सांग, माझी पोर मी कुठंही पाठवणार नाही. हातातला झारा बाजूला ठेवून म्हटलं होतं. ती बाहेर आली आणि तुमची सही घेऊनच परत आत आली. म्हणाली, बाबा म्हणतात, आता ठरलं, तू पण कर. तुम्ही नुकतंच झिडकारलं होतंत, पुन्हा कुठल्या तोंडाने विचारणार?"

"मी असं काही म्हणालो नाही."

"नाही?"

"मी फक्त तुला विचारायला सांगितलं होतं."

मग कुमुद हलक्या आवाजात म्हणाली, "मग ते जेवणाचं?"

"कसलं जेवणाचं?"

"रोज यायची सांगत. बाबा म्हणतात, आमटी छान झालीय. बाबा म्हणतात, दमली असशील, भाकरी नको, भातच कर. त्याच्याच जोरावर तर मी त्या दिवशी तुमच्याशी बोलायला आले. मला वाटलं, मनातून राग गेलाय यांचा."

यातलं एक अक्षर मी कधी बोललो नव्हतो. मला मंजू सांगायची ते मी आठवायला लागलो. आई म्हणते, गरम आहे तोवर जेवा. आई म्हणते, ऊन फार आहे, टोपी घालून जा. मी कुमुदला विचारलं. तिने 'नाही' अशी मान हलवली. दहा वर्षांची पोर सहा महिने आमच्या दोघांचं बोलणं स्वतःच्या मनाने गोड करून इकडून तिकडे नेत होती. आणि मी, तिच्या बापाने, वहीत लिहिलं होतं, मूल बोलत नाही.

त्या दिवशी आम्ही गार आमटी-भात एकत्र जेवलो. दोघंही बोलत होतो. मी माफी मागितली, तिने मागितली, कोणी आधी ते आता आठवत नाही. कुमुदने निळं पुस्तक माझ्यापुढे ठेवलं. ते मार्चपासून परत केलेलं नव्हतं. मी ते दोन दिवसांत वाचून काढलं. ज्या घरातली माणसं मुलाच्या तोंडून बोलतात त्या घरावर त्यात आठ पानं होती. ती मगदूमांच्या टेबलावर माझ्या हातात आली होती, आणि मी मिटून ठेवली होती.

पालकांना भेटायची परवानगी दुसऱ्या रविवारी होती. आम्ही ठरवूनच गेलो, की तिला घेऊन यायचं. दंड भरू, पाया पडू, पण पोर घरी आणू. कुमुदने तिच्यासाठी करंज्या घेतल्या होत्या आणि गाडीत आम्ही तिच्याशी काय बोलायचं ते एकमेकांशी बोलत होतो. मला वाटत होतं, आम्हाला असं बोलताना पाहूनच ती धावत येईल.

ती मैदानावर होती. पाच-सहा मुलींबरोबर लंगडी खेळत होती आणि मोठ्यांदा ओरडत होती, "आऊट! मी बघितलंय! मी सांगते ना!" मी तो आवाज आधी ओळखलाच नाही. आम्हाला बघून ती धावत आली, घामाने केस कपाळाला चिकटलेले. आम्ही तिघं झाडाखाली पारावर बसलो.

"मंजू," कुमुदने विचारलं, "तू आम्हा दोघांना खोटं का सांगितलंस गं?"

मंजूने मान खाली घातली. चिडलेली नव्हती. म्हणाली, "त्या दिवशी तू बोललीस आणि बाबा नाही बोलले. मला वाटलं, आता कधीच नाही बोलणार."

"चुकलं माझं, बाळा," मी म्हणालो. मला एवढंच म्हणता आलं. "पण आता बोलतो आम्ही. खरंच. विचार आईला."

"खरंच बोलतो," कुमुद म्हणाली. "दिवसभर बोलतो. आता तसं नाही होणार. आम्ही तुला न्यायला आलोय."

मंजूने आळीपाळीने आमच्याकडे पाहिलं. आम्ही खरं बोलतोय का, ते ती तपासत असावी. मग तिचा चेहरा एकदम उजळला. तिने खोल श्वास घेतला.

"म्हणजे आता तुमचं तुम्हाला बोलता येतंय?"

"येतंय."

"मग आता घरी माझं काही काम नाही ना?" ती म्हणाली. "मग मी राहू इथंच?"

किती आनंदात विचारलं तिनं. सुट्टी मागावी आणि ती मिळेलच अशी खात्री असावी, तसं. त्या क्षणी तिला सांगायला हवं होतं, की काम असतं म्हणून लेकरू घरात नसतं. तू आमच्यापाशी नुसती असावीस, एवढंच आम्हाला हवंय. पण तिने पहिल्यांदा स्वतःचं काहीतरी मागितलं होतं. मी कुमुदकडे पाहिलं, कुमुदने माझ्याकडे. एक शब्दही न बोलता आमचं एकमत झालं.

"राहा," आम्ही दोघंही म्हणालो.

तिने आईच्या हातून करंज्यांचा डबा घेतला आणि मैत्रिणींकडे पळत गेली. या गोष्टीला सव्वीस वर्षं झाली. मंजू आता नागपूरला असते, सुखात आहे, दर गुरुवारी फोन करते आणि आम्हा दोघांशी वेगवेगळी, पोटभर बोलते. सणाला येते, दोन दिवसांनी जाते. पण त्या 'राहा'नंतर ती आमच्या घरी पाहुणी म्हणूनच आली, राहायला म्हणून कधी आली नाही, आणि ये म्हणायचं तोंड आम्हाला राहिलं नाही.